पंचवीस म्हणजे पंचवीस!

२७१६ या जुन्या ईप्रॉम मेमरी चिपमध्ये डेटा लिहायचा तर व्हीपीपी, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा व्होल्टेज, २५ व्होल्ट लागतो. २१ नाही, 'चालतंय की' तर नाहीच नाही! पुण्याच्या तपकीर गल्लीतून चिपवर लिहिणारा स्वस्तातला प्रोग्रॅमर आणायचा, यूएसबीच्या ५ व्होल्टवर त्याचा व्होल्टेज चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर धापा टाकणार, चिपने ३० मिलिअँपिअर मागितले की व्होल्टेज बसणार. आणि खापर कुणावर? बिचाऱ्या चिपवर! अहो, व्हीपीपीच्या पिन २१ वर मल्टिमीटर कोण लावणार? तोही लिहिण्याचा पल्स चालू असताना. रिकाम्या सॉकेटवर २५ काय, कुणीही दाखवेल. मग शहाणे व्होल्टेज ठरवणारा प्रीसेट पिळतात, २६ च्या पुढे. गेली चिप! ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व्हीपीपी आणि ग्राउंडमध्ये टाकायला काय मुहूर्त लागतो? २७०८ या त्याआधीच्या चिपवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. तिथे उणे ५ व्होल्टचा पुरवठा आधी द्यायचा, शेवटी काढायचा. ऐकतंय कोण?