‘कावीळ तशीही होणारच होती’ म्हणे!

विशेष मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. काल वहिनीलाही आला. म्हणे, न्यूयॉर्कच्या विलोब्रूक स्टेट स्कूल या मतिमंद मुलांच्या सरकारी संस्थेतल्या मुलांना डॉक्टरांनी मुद्दाम कावीळ दिली खरी, पण ती तशीही होणारच होती, पालकांच्या सह्या होत्या, त्यातूनच हिपॅटायटिस बीची लस आली आणि उगाच गवगवा १९७२ मध्ये टीव्हीवाल्यांनी केला.

होणारच होती, पण कशामुळे? ४,००० जणांसाठी बांधलेल्या जागेत १९६५ पर्यंत ६,००० जण कोंबले होते. तिथे पसरलेली ही कावीळ, म्हणजे मुख्यतः हिपॅटायटिस ए, एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात जाते. शी-शू सांगता न येणारी मुलं दाटीवाटीने ठेवायची, त्यांचे हात धुवायला, कपडे बदलायला पुरेशी माणसं द्यायची नाहीत, मग दुसरं काय होणार? गर्दी कमी करणं, माणसं वाढवणं हा उपाय उघड होता. गॅमा ग्लोब्युलिनने, म्हणजे रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनने, या काविळीपासून संरक्षण मिळतं हेही १९४५ पासून माहीत होतं. हे प्रयोग करणारे डॉ. सॉल क्रुगमन स्वतः बचावात सांगत की त्यांच्या वेगळ्या कक्षातली मुलं बाकीच्या संसर्गांपासून वाचली. म्हणजे त्याच आवारात स्वच्छ वॉर्ड चालवता येत होता! तो चालवला कशासाठी, तर आजारी मुलांच्या विष्ठेचा अर्क लहान मुलांना पाजून कावीळ कशी होते ते बघण्यासाठी.

सह्यांचं म्हणाल तर १९६४ मध्ये गर्दीमुळे नवे प्रवेश बंद झाले, पण काविळीच्या कक्षात जागा आहे असं पालकांना कळवलं गेलं. घरी मूल सांभाळून थकलेली आई अशा वेळी दुसरं काय करणार? हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अनैतिक संशोधनाची २२ उदाहरणं दिली, त्यात सोळावं हेच. संमती घेतली, पण धोक्यांबद्दल पालकांना काय सांगितलं याचा कुठे उल्लेखच नाही, हा त्यांचा आक्षेप. टीव्हीच्या सहा वर्षं आधीचा.

लसीचा मुद्दा अर्धा खरा, हे मान्य करावंच लागतं. काविळीचे दोन प्रकार (आजचे हिपॅटायटिस ए आणि बी) तिथे १९६७ मध्ये स्पष्ट झाले, आणि उकळलेला बाधित सीरम (रक्तातला द्रव) काही अंशी संरक्षण देतो हेही तिथेच दिसलं. पण १९८१ ची लस उभी राहिली ती ब्लमबर्ग या शास्त्रज्ञांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलेल्या अँटिजेनवर, म्हणजे बीच्या विषाणूच्या प्रथिनावर.

आणि पालकांचं नाव घेता, तर तेही पुरतं सांगा. १९७२ मध्ये पालक संघटनेने न्यूयॉर्क राज्यावर खटला भरला. १९७५ च्या निवाड्याने तिथल्या माणसांची संख्या २५० पर्यंत खाली आणायला सांगितली, आणि १९८७ मध्ये विलोब्रूक बंद झालं.