‘आधी भाकरी द्या, बायकांच्या बैठका नंतर’

सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. युद्ध किंवा हिंसाचार झालेल्या भागातल्या लोकांना धान्य, ताडपत्री आणि औषधं हवी असतात. तिथे जाऊन बायकांसाठी वेगळी केंद्रं काढणं, घरोघरी फिरून ‘जागृती’ करणं, मुलींच्या गटसभा भरवणं ही देणगीदारांच्या पैशावरची चैन आहे. खाली हात जोडलेली इमोजी आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, आणि का नाही ते दोन ओळींत मावत नाही.

हवेतल्या गप्पा नकोत म्हणून एकच ठिकाण घेते: बांगलादेशच्या कॉक्सबझार जिल्ह्यातल्या रोहिंग्या छावण्या. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत, म्यानमारच्या लष्कराच्या हिंसाचारामुळे, तिथल्या राखाइन प्रांतातून रोहिंग्या या मुस्लिम समाजातली सात लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून उखिया आणि टेकनाफ भागात आली. आधीचे धरून आकडा दहा लाखांच्या घरात गेला. रोहिंग्यांविषयी आपल्याकडे टोकाची मतं आहेत, ती ज्याची त्याने ठेवावीत. इथे प्रश्न एवढाच आहे की तिथल्या बायका-मुलींपर्यंत पोहोचण्याचं काम चैनीत जमा होतं का.

‘पोट आधी, बाकीचं नंतर’

मजकुरातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि वरवर पाहता बिनतोड. पण त्यात भाकरी आणि ‘बाकीचं’ या दोन वेगळ्या रांगा आहेत असं धरून चाललंय. सुरुवातीच्या महिन्यांत छावण्यांत संडास घाईघाईने उभे राहिले. टेकडीच्या उतारावर, बाया-बाप्यांना एकच, दिवा नाही, कित्येकांना आतून कडी नाही. मग बायकांनी काय केलं? पाणी पिणं कमी केलं. जेवण कमी केलं. दिवसा लोक बघतात म्हणून अंधाराची वाट पाहायची आणि अंधार पडला की भीतीने पाय निघत नाही. आंघोळ खोपटातच, प्लास्टिकच्या आडोशाला. म्हणजे तांदूळ घरात पोहोचला होता, पण बाईने किती खायचं हे संडासावर ठरत होतं.

धान्याच्या ट्रकबरोबर आलेल्या माणसाला हे कळायचं कसं? पडद्यात राहणारी बाई परक्या पुरुषाला हे सांगणार नाही. ती सांगते दारात येऊन टेकणाऱ्या, तिची बोली बोलणाऱ्या दुसऱ्या बाईला. मजकुरात ज्याची ‘घरोघरी फिरणं’ म्हणून टिंगल केली आहे ते काम हेच. वेगळे संडास, आडोशाच्या न्हाणीघरांची मागणी, सौरदिवे कुठे लावायचे याचे निर्णय, यात अशा बोलण्यांचा मोठा वाटा होता.

सरपणाचंही तसंच. एका टप्प्यावर या छावण्या दिवसाला सुमारे ७०० टन लाकूड जाळत होत्या. ते आणायला जंगलात जायच्या बायका आणि पोरं. वाटेत छेडछाड, मारहाण, त्याहून वाईट. वर हत्तींची भीती. २०१८ पासून छावण्यांत गॅस सिलिंडर वाटायला सुरुवात झाली. जंगल वाचवायचं होतंच, पण सरपणाच्या वाटेवर बायकांचं काय होतं हेही या निर्णयामागचं एक कारण होतं. चूल पेटणं हा पोटाचाच विषय ना?

आणि जीव वाचवण्याबद्दल म्हणाल तर याच किनाऱ्यावरचं १९९१ चं चक्रीवादळ आठवा. सुमारे १,३८,००० माणसं गेली. वीस ते चव्वेचाळीस वयोगटात मृत्यूचं प्रमाण पुरुषांमध्ये हजारी १५ होतं, बायकांमध्ये ७१. वादळ काही बाई-पुरुष बघून येत नाही. इशारा बाजारात, पुरुषांच्या घोळक्यात फिरला. बाई घरात मुलं घेऊन नवऱ्याची वाट पाहत बसली. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत शिरायचं कसं म्हणून अडली. आज रोहिंग्या छावण्यांत झेंडे आणि कर्णे घेऊन इशारा देणाऱ्या स्वयंसेवकांत साधारण निम्म्या बायका आहेत. १४ मे २०२३ ला ‘मोखा’ चक्रीवादळ आलं तेव्हा हजारो खोपटी मोडली, छावण्यांत जीव मात्र कुणाचा गेला नाही. वादळाचा मुख्य तडाखा दक्षिणेला म्यानमारकडे गेला हे नशीब, ते मान्य. पण अशा वेळी माणसं वेळेवर हलतात ती नुसत्या नशिबाने नाही.

आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं, ते याच कारणाने. घर कसं बांधायचं हे घरात राहणारीला विचारल्याशिवाय पुढे जाता येईना.

‘ही परकी थेरं आहेत, त्यांच्या समाजाला रुचत नाहीत’

रुचत नाहीत हे मजकूर लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं, ते मजकुरात नाही. छावणीतले निरोप बरीच वर्षं ‘माझी’ नावाच्या पुढाऱ्यांमार्फत फिरले, आणि हे माझी जवळपास सगळे पुरुष. त्यांना विचाराल तर त्यांची आवड कळेल.

बायकांची आवड पाहायची तर ‘शांतिखाना’ पाहावा. बायकांच्या केंद्रांना तिथे रोहिंग्या बायका हेच नाव वापरतात. बांबू, ताडपत्री, खाली चटई. आत पुरुषाला मज्जाव, त्यामुळे आत आलं की बुरखा काढून ठेवता येतो. कुणी शिवत बसलंय, कुणी दुसरीच्या हातावर मेंदी काढतंय, लहानगं मांडीवर. बोलायचं असेल त्या बाईशी बाजूला बसून हलक्या आवाजात बोलणारी कार्यकर्ती असते, गरज पडली तर ती सुईणीकडे किंवा दवाखान्यात सोबत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा टाइमपास वाटेल. पण नवऱ्याला सांगताना ‘शिवायला चालले’ म्हणता येतं, हीच या जागेची मोठी सोय आहे. ‘अत्याचारग्रस्त महिला केंद्र’ अशी पाटी लावली असती तर एक बाई फिरकली नसती.

मौलवींना बाजूला ठेवून हे काम झालेलं नाही. मशिदीत बोलणं, सासवांशी बोलणं, नवऱ्यांशी वेगळ्या बैठका हा त्याचाच भाग. शाळेचं उदाहरण घ्या. मुलीला पाळी सुरू झाली की तिचं बाहेर जाणं बंद, वर्ग सुटला. २०२१ च्या अखेरीस छावण्यांत म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू झाला. मोठ्या मुली त्यात टिकाव्यात म्हणून फक्त मुलींच्या तुकड्या केल्या, आणि घरून वर्गापर्यंत सोबत चालत येणारी एक बाई ठेवली. आईबापांच्या अटी होत्या, त्या पाळल्या. यात संस्कृती कुठे बुडाली ते मला दिसत नाही.

‘झालं ते झालं, आता बोलून काय उपयोग’

या वाक्यावर मला राग येतो, पण राग बाजूला ठेवून आधी घड्याळ दाखवते. बलात्कारानंतर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. दवाखाना उभा आहे, औषध कपाटात आहे, पण बाईला ते आहे हेच ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे आणि नाव फुटेल म्हणून ती जात नाही, तर ते औषध नसल्यासारखंच. तीन दिवसांत अनोळखी माणसावर विश्वास बसत नाही. ओळख आधीपासून लागते, आणि ती मेंदी काढता काढताच होते.

बांगलादेशाला गप्प बसण्याची किंमत चांगली माहीत आहे. १९७१ मध्ये अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना नव्या सरकारने ‘बीरांगना’ म्हटलं, पुनर्वसन मंडळही काढलं. तरी घरादाराने अनेकींना झिडकारलं आणि कित्येकींचं आयुष्य मूग गिळून गेलं. मुक्तियोद्धा म्हणून त्यांच्यातल्या काहींना मान्यता मिळायला २०१५ उजाडलं.

रोहिंग्या बायका इतकं थांबल्या नाहीत. छावणीत त्यांचा ‘शांती मोहिला’ नावाचा गट उभा राहिला. २०१८ च्या मे महिन्यात या गटातल्या सुमारे ४०० बायका-मुलींच्या वतीने वकिलांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे निवेदन दिलं. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून सह्यांच्या जागी अंगठे. पानांमागून पानं नुसते अंगठे. ज्यांना १९८२ च्या कायद्यानंतर त्यांचा देश नागरिक म्हणून ओळखतच नव्हता त्यांच्या बोटांचे ठसे एका जागतिक न्यायालयाच्या कागदावर गेले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने सीमेपार हुसकावण्याचा गुन्हा आपल्या अधिकारात येतो असं ठरवलं. पुढे अर्जेंटिनातल्या खटल्यात (परदेशात घडलेल्या अशा गंभीर गुन्ह्यांचा खटलाही तिथे चालवता येतो) २०२१ मध्ये छावण्यांतल्या स्त्रियांनी व्हिडिओवरून साक्ष दिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने म्यानमारचा तेव्हाचा लष्करप्रमुख मिन आँग लाइंग याच्यासह अनेकांविरुद्ध अटक वॉरंट काढलं. तो उद्या बेड्यांत दिसेल असं मी म्हणत नाही. पण ‘बोलून काय उपयोग’ हे वाक्य तरी मागे घ्यावं.

‘शिवणयंत्रं वाटायची आणि फोटो काढायचे’

इथे मजकुराशी भांडण नाही. असं होतं. शंभर बायकांना शिवण शिकवायचं आणि शिवलेलं विकायचं कुठे याचा पत्ता नाही. त्यातून निर्वासितांना बाहेर रीतसर काम करायची मुभाच नाही. छावणीतल्या रोहिंग्या स्वयंसेविकांना पगार मिळत नाही, तासावर तुटपुंजं मानधन मिळतं. किती बायका ‘आल्या’ याची नोंद होते, परत का आल्या नाहीत याची क्वचितच होते. मोडतोड आहे तिथे दुरुस्ती मागा. पण ज्या तर्काने केंद्रं बंद करा म्हणता, त्याच तर्काने धान्यात चोरी होते म्हणून रेशन बंद करावं लागेल.

‘सगळा पैसा यातच जातो’

जात नाही. स्त्रियांवरील अत्याचार रोखणं आणि त्यानंतरचा आधार यांसाठी जगभरच्या आपत्कालीन मदतीतला एक टक्काही धड मिळत नाही. छावणीतला शिधा २०२३ मध्ये माणशी महिना १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ झाला, तो एकूण निधीच आटला म्हणून. शांतिखान्यांनी तांदूळ खाल्ला नव्हता. शिधा कमी झाला की आईबाप मुलीचं लग्न उरकायला बघतात किंवा मलेशियातल्या स्थळासाठी तिला बोटीत बसवतात. त्या वर्षी अंदमानचा समुद्र आणि बंगालच्या उपसागरात अशा बोटींतली ५६९ रोहिंग्या माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

२०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडला तेव्हा भाकरी आणि ‘बाकीचं’, दोन्ही एकदमच अडचणीत आलं. मार्चमध्ये शिधा ६ डॉलरवर आणण्याची सूचना निघाली, ती कशीबशी टळली. जूनपर्यंत छावण्यांतल्या वर्गांवरच्या हजाराहून जास्त स्थानिक शिक्षकांचं काम गेलं, त्यांत शिक्षिकाही होत्या. त्यांच्या मानधनाचे पैसे तांदळाच्या पोत्यात जाऊन पडले नाहीत.