कोळंबीला रात्री धूसर दिसते का? एका जुन्या विधानाचा प्रतिवाद

प्राणिशास्त्राच्या नोट्समध्ये आणि त्यांवर बेतलेल्या व्हिडिओंमध्ये कोळंबीच्या संयुक्त नेत्राविषयी एक विधान जसेच्या तसे फिरत असते. ते असे : दिवसा डोळ्यातले काळे रंगद्रव्य पसरते, प्रत्येक नेत्रिका (संयुक्त नेत्र बनवणारा छोटा घटक) शेजारच्या नेत्रिकेपासून वेगळी होते आणि तुकड्यातुकड्यांची स्पष्ट प्रतिमा मिळते, रात्री रंगद्रव्य आकसते, शेजारच्या प्रतिमा एकमेकींवर पडतात आणि कोळंबीला काहीतरी हलल्याचा धूसर भास तेवढा होतो, हे प्रकाशामुळे आपोआप घडते आणि कोळंबी-खेकड्यांसारख्या सर्व कवचधाऱ्यांना लागू आहे. यातले रंगद्रव्याचे सरकणे खरे आहे. उरलेल्या विधानातला प्रत्येक भाग मात्र तपासण्याजोगा आहे.

धूसरपणाचा मुद्दा आधी घेतो, कारण परीक्षेत तोच लिहिला जातो. अनेक अर्धवट चित्रे एकमेकांवर पडतात ही कल्पनाच चुकीची आहे. अशा डोळ्यात शेजारच्या नेत्रिका वस्तूच्या एकाच बिंदूपासून आलेले किरण दृष्टिपटलावर एकाच जागी आणतात, त्यामुळे तेथे एकच सुलट प्रतिमा तयार होते. व्हिएन्नाच्या सिग्मंड एक्सनर यांनी १८९१ मध्ये काजव्याच्या डोळ्याबाबत हे सप्रमाण दाखवले आणि त्या डोळ्यातून पडलेल्या प्रतिमेचे छायाचित्रही घेतले. त्यात खिडकी आणि तिच्यापलीकडचे चर्च ओळखू येते. काही प्रकाश दृष्टिपटलातल्या शेजारच्या ग्राहक पेशींत झिरपून रात्री तीक्ष्णता थोडी कमी होते, हे मान्य. पण त्या बदल्यात डोळ्याची संवेदनक्षमता कित्येक पटींनी वाढते, आणि ही देवघेव ‘फक्त हालचालीचा भास’ या शब्दांत मावणारी नाही.

नेत्रिका भिंगासारखी किरण वळवते, हे एक्सनर यांचे स्पष्टीकरण कोळंबीला मात्र जसेच्या तसे लागू पडत नव्हते. किरण हवे तसे वळवायचे, तर नेत्रिकेतल्या पारदर्शक शंकूचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) मध्यापासून कडेकडे घटत जायला हवा; कोळंबीचा नातलग असलेल्या क्रेफिशच्या शंकूत तो जवळजवळ एकसारखा आणि कमीच भरतो. हे कोडे क्लाउस फोग्ट यांनी १९७५ मध्ये क्रेफिशमध्ये आणि मायकेल लँड यांनी १९७६ मध्ये कोळंबीवर्गीयांमध्ये सोडवले : शंकूच्या बाजू आरसे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली कोळंबीच्या डोळ्यावरची घरे माशीसारखी षट्कोनी नसून चौकोनी दिसतात, ती याचसाठी. तिरका येणारा किरण काटकोनातल्या दोन भिंतींवरून परावर्तित होतो आणि योग्य दिशेने ठेवलेल्या एकाच आरशावरून आल्यासारखा योग्य जागी पोहोचतो. हे आरसे आयसोझॅन्थोप्टेरिन या पदार्थाच्या स्फटिकांचे असल्याचे २०१८ मध्ये दाखवले गेले.

मग काळ्या रंगद्रव्याकडे काय काम उरते? प्रतिमा घडवणे त्याच्याकडे कधीच नव्हते. शंकू आणि ग्राहक पेशी यांच्यामधला रुंद पारदर्शक पट्टा ही डोळ्याची मूळ रचना आहे, रंगद्रव्य हटल्याने ती निर्माण होत नाही. प्रकाश टिपणारे ऱ्होडॉप्सिन वेगळे आणि पडद्याचे काम करणारी ओमोक्रोम वर्गातली ही रंगद्रव्ये वेगळी, हा भेदही नोट्समध्ये अनेकदा पुसला जातो. शिवाय पडदे दोन आहेत : उजेडात वरचा खाली उतरतो आणि तळाचा वर चढतो, म्हणजे दोघे मिळून तिरप्या किरणांची वाट अडवतात. त्यामुळे दिवसा प्रत्येक नेत्रिका बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे काम करते, एवढे नोट्सचे म्हणणे बरोबर आहे. अंधारात तळाचा पडदा ग्राहक पेशींच्या खाली गेला की परावर्तक थर उघडा पडतो. टॉर्चच्या झोतात कोळंबीचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकतात, ते यामुळे.

‘आपोआप’ या शब्दात तर अर्धेच सत्य आहे. तळाचे रंगद्रव्य ग्राहक पेशींच्या आतच असते आणि प्रकाशाला बऱ्याच अंशी थेट प्रतिसाद देते. वरच्या रंगद्रव्यावर मात्र संप्रेरकाचा अंमल चालतो. डोळ्याच्या देठात संप्रेरके साठवणारी सायनस ग्रंथी असते; या देठाचा अर्क टोचल्यास अंधारातल्या प्राण्यातही हे रंगद्रव्य दिवसाच्या जागी येते, असे १९३०च्या दशकात लुईस क्लाइनहोल्झ यांनी दाखवले. १९७६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या पांडालस बोरिआलिस या कोळंबीतून त्या संप्रेरकाची १८ अमिनो आम्लांची रचना उलगडली. सतत अंधारात ठेवलेल्या क्रेफिशमध्येही ही ये-जा दिवस-रात्रीच्या तालाने चालू राहते. कोळंबीच्या बीज-उत्पादन केंद्रांत मादी लवकर पक्व व्हावी म्हणून तिच्या एका डोळ्याचा देठ छाटतात, तेव्हा लक्ष्य याच ग्रंथीतले प्रजनन रोखणारे संप्रेरक असते. डोळा केवळ वाटेत येतो.

‘सर्व कवचधारी’ हे तर दोन वाक्यांतच निकाली निघते. बऱ्याच खेकड्यांचे डोळे षट्कोनी घरांचे आणि रात्रंदिवस स्वतंत्र नेत्रिकांचेच असतात, तर काही पोहणाऱ्या खेकड्यांत डॅन-एरिक निल्सन यांना १९८८ मध्ये अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरसे आणि भिंगे यांची तिसरीच जुळणी सापडली. खुद्द कोळंबीची अळीसुद्धा षट्कोनी घरांचा, आरसे नसलेला डोळा घेऊन पोहते. चौकोन पुढे, रूपांतरानंतर येतात.