हसतखेळत लुटारू, पण टोनियाचं काय?

‘इन ओल्ड ॲरिझोना’ या चित्रपटावरचा लेख आवडला. त्यातल्या सिस्को किड या लुटारूचा रंगेलपणा तुम्ही छान टिपलात. न्हाव्याच्या दुकानात तो त्याला पकडायला निघालेल्या सार्जंटशीच गप्पा छाटतो आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही, हा प्रसंग आजही धमाल वाटतो. किड साकारणाऱ्या वॉर्नर बॅक्स्टरला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. मुळात ही भूमिका दिग्दर्शक राऊल वॉल्श स्वतः करणार होते. गाडीच्या काचेतून ससा आत उसळला, त्यांचा डोळा गेला आणि भूमिका बॅक्स्टरकडे आली. आणि १९२८ साली, बोलपट नवे असताना, उघड्या माळरानावर आवाज टिपायचा म्हणजे खायचं काम नव्हतं! तव्यावरची चरचर ऐकूनसुद्धा तेव्हाचे प्रेक्षक हरखले होते.

पण चित्रपटाला ‘निखळ विनोदी’ म्हणालात ते मला अजिबात पटलं नाही. किडची प्रेयसी टोनिया त्याच्यावरच्या बक्षिसाच्या लोभानं सार्जंटला सामील होते हे खरं. म्हणून किड तिच्या नावानं खोटी चिठ्ठी धाडतो आणि तिलाच किड समजून झाडलेल्या सार्जंटच्याच गोळीनं तिचा जीव जातो. स्वतः दहा ठिकाणी डोळे मारत फिरणाऱ्या माणसाला हा न्याय करायचा हक्क कुणी दिला? ओ. हेन्रीच्या मूळ कथेतला किड तरी सरळसरळ क्रूर खुनी आहे, तिथे हा शेवट शोभतो. इथे त्याला गोड, गाणारा, दिलदार केलं आणि शेवट मात्र तोच ठेवला. मला तरी ते फार खुपलं.

बॅक्स्टरनेच १९३१ मध्ये पुन्हा किड रंगवला, त्यावरही जरूर लिहा.