डब्यावर हे का लिहीत नाहीत?

पावडरच्या दुधाने बाळ आजारी पडलं की सगळे आधी आईला धारेवर धरतात. बाटली उकळली नव्हतीस का? हात धुतले होतेस का? मला याचा मनापासून संताप येतो. सीलबंद डब्यातली ती पावडर मुळातच निर्जंतुक नसते, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

कारखान्यात दूध तापवतात, गरम हवेत फवारून वाळवतात. तिथवर बहुतेक जंतू मरतात. धोका त्यानंतर असतो. उष्णतेने नासणारे घटक मागाहून कोरडेच मिसळतात, मग पावडर डब्यात भरली जाते; पुन्हा तापवणं होत नाही. क्रोनोबॅक्टर हा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो. कारखान्यात वाढायला त्याला थोडी ओल पुरते. नवजात बाळाला त्याच्यामुळे मेंदूज्वर झाला, तर दहातली चारपर्यंत बाळं दगावू शकतात.

अमेरिकेत मिशिगनमधल्या स्टर्जिसला अ‍ॅबट या कंपनीचा बाळांचं पावडरचं दूध बनवणारा कारखाना आहे. २०२२ साली सरकारी तपासणीत तिथे क्रोनोबॅक्टर सापडला. छत गळत होतं, पाणी साचलेलं होतं, यंत्रांना भेगा होत्या. एका माजी कर्मचाऱ्याने ऑक्टोबर २०२१ मध्येच सरकारकडे लेखी तक्रार केली होती. ती अन्नसुरक्षेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाती पडेपर्यंत फेब्रुवारी उजाडला! कारखाना बंद झाला, देशभर दुकानांत डब्यांचा तुटवडा पडला आणि परदेशातून विमानाने दूध आणावं लागलं. तिथलं दूध प्यायलेल्या दोन आजारी बाळांच्या नमुन्यांतला जंतू कारखान्यातल्या जंतूशी जुळला नाही, याकडे कंपनी बोट दाखवते. ते खरंही आहे. पण म्हणून गळकं छत क्षम्य ठरत नाही. लहानग्यांचं अन्न बनतं तिथे पाणी साचतंच कसं?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पावडर किमान ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात कालवा, मग पटकन निववून पाजा, उरलेलं दोन तासांनी फेका. आपल्या घरांत काय चालतं? पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि मग चमचे घालायचे. कोमट पाण्यात पावडरीतला जंतू मरत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला याचा सर्वाधिक धोका.

दूध येत नाही, आजारपण आहे, आई हयात नाही. अशा किती घरांना डब्याशिवाय गत्यंतर नसतं. आईचं दूधच सर्वोत्तम, हे आपल्याकडच्या १९९२ च्या कायद्यामुळे डब्यावर छापावंच लागतं. त्याच्याच खाली, तितक्याच ठळक अक्षरांत, मराठीतसुद्धा छापा: ही पावडर निर्जंतुक नाही. आणि बाळंतिणीला घरी सोडताना दवाखान्याने ते तोंडी समजावून सांगावं.