बारा व्होल्ट दिसले म्हणजे हीटरला मिळाले असे नव्हे

सप्रेम नमस्कार.

जुन्या गाडीतील ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) आतल्या, त्याला तापवणाऱ्या हीटरवर मी लिहिलेल्या लेखावर आपला आक्षेप असा, की पी०१३५ हा हीटरच्या सर्किटमधील बिघाडाचा कोड आला आणि कपलर (सेन्सर व वायरिंग यांना जोडणारा प्लग) काढून मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले की वायरिंग निर्दोष ठरते. मग सरळ सेन्सर बदलायचा सोडून, मी सुचवल्याप्रमाणे वायरिंग तपासायला बल्ब लावत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

एक उणीव आधी मान्य करतो. हीटरचा रेझिस्टन्स सेन्सर थंड असतानाच मोजावा, हे लेखात राहून गेले. हीटर तापला की रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे नुकत्याच बंद केलेल्या गाडीवर घेतलेले माप फसवे असते.

मूळ मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून वायरीतली एखादीच तार शाबूत असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. समजा, थंड हीटर ६ ओहमचा आहे आणि गंजलेल्या वायरीमुळे वाटेत आणखी ६ ओहमची भर पडली आहे. कपलर उघडा असताना आकडा बाराच येईल. पण हीटर जोडताच २ अँपिअरऐवजी १ अँपिअर वाहील, हीटरच्या वाट्याला ६ व्होल्ट येतील आणि त्याची उष्णता चौथ्या हिश्श्यावर येईल. झिर्कोनिया या सिरॅमिकचा ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय भरवशाचा सिग्नल देत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही तूट किती मोठी आहे ते कळते.

माझ्या २००३ सालच्या गाडीत नवा सेन्सर बसवूनही आठवड्याभरात तोच कोड परत आला. तेव्हा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेऊन एक टोक कपलरमधील पुरवठ्याच्या पिनेला आणि दुसरे थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, तर बल्बची तार नुसती लालसर झाली. वायरीचे आवरण सोलत मागे गेलो, तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या (इंजिनमधून गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळच्या) क्लिपपाशी तांबे हिरवे पडून त्याचा भुगा झालेला दिसला. धड अशा दोन-तीनच तारा उरल्या होत्या. तेवढा तुकडा बदलून मी मुद्दाम जुना सेन्सर परत बसवला. कोड पुन्हा आला नाही.

हीटरच्या अर्थिंगच्या (निगेटिव्ह) बाजूला मात्र बल्ब लावू नये, कारण बहुतेक गाड्यांत ती बाजू ईसीयू (इंजिनचा नियंत्रक संगणक) चालू-बंद करतो. तिथे हीटर जोडलेला ठेवून व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते) मोजावा.

थंड हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटर काहीच जोडणी दाखवत नसेल, तर हीटर तुटलेला आहे आणि सेन्सर बदलावाच लागेल. तेवढ्या बाबतीत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.