‘चीन पाच हजार वर्षं एका हुकमावर चालतोय’ म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, सोसायटीचा ग्रुप बघा, शाळेच्या बॅचचा बघा, नातेवाईकांचा बघा, तोच. लांबलचक आहे पण मुद्दे एवढेच: चीन पाच हजार वर्षं एकच देश आणि एकच सत्ता, भिंत बांधली म्हणून परकीय कधी आत आलेच नाहीत, राजा बोलला की प्रजा निमूट ऐकायची, आणि १९७८ साली एका नेत्याने एक सही केली आणि गरिबी गेली. शेवटी अर्थातच "आपल्याकडे मात्र नुसते मोर्चे आणि निवडणुका". खाली सगळ्यांची वाहवा. बरं, एकेक घेऊ.

"पाच हजार वर्षं एकच देश." नाही हो. सात राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली होती, त्यांना छिन राज्याने इ.स.पू. २२१ मध्ये पहिल्यांदा एका छत्राखाली आणलं, म्हणजे हिशोब सव्वादोन हजार वर्षांपासूनच सुरू होतो आणि तिथून पुढेही सलग नाहीच. हान घराणं इ.स. २२० ला संपलं, ते ५८९ मध्ये सुई घराण्याने देश परत जोडेपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर तुकडेच तुकडे. ९०७ मध्ये तांग घराणं पडलं, परत तेच. त्यानंतरचं सोंग घराणं म्हणजे छापखाने, व्यापार, चित्रकला, सगळं खरं, पण १००५ च्या तहानंतर हेच सोंग उत्तरेच्या खितानांना दरवर्षी एक लाख ताएल (चिनी वजनाचं माप) चांदी आणि दोन लाख तागे रेशीम पोचवत होते, त्याला आपल्या भाषेत खंडणी म्हणतात. ११२७ मध्ये तर जुर्चेन लोकांनी राजधानी कायफंग घेतली, गादीवरचा सम्राट आणि त्याचा बाप दोघांनाही धरून नेलं आणि अर्धा देश गेला.

एवढं लांब कशाला जायचं, आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला तिकडे गेले तेव्हा चोंगछिंगला चियांग काय-शेकचं सरकार, येनानला माओचे कम्युनिस्ट, ईशान्येला जपानने बसवलेलं मांचुकुओ, आणि १९४० पासून नानजिंगला आणखी एक सरकार, तेही जपानच्या ओंजळीने पाणी पिणारं. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले, तोपर्यंत यातलं काहीही मिटलेलं नव्हतं. कुठली एकच सत्ता?

"भिंतीमुळे परकीय आत आले नाहीत." हा मुद्दा लिहिणाऱ्याला खरंच दंडवत. १२७९ पासून १३६८ पर्यंत अख्ख्या चीनवर मंगोलांचं राज्य, १६४४ पासून १९१२ पर्यंत मांचूंचं. फोटोत दिसणारी दगडविटांची भिंत बहुतेक या दोघांच्या मधल्या मिंग घराण्याच्या काळातली आणि त्याच मिंगांच्या हातून गादी गेली, ती कशी गेली ते बघा. सरकारी तिजोरीत खडखडाट, म्हणून खर्च वाचवायला डाकेच्या चौक्या बंद केल्या, म्हणजे जिथे घोडे बदलायचे आणि निरोप्ये मुक्काम करायचे त्या. नोकरी गेलेल्यांत शान्शी प्रांतातला एक ली त्सचंग नावाचा माणूस होता. वर दुष्काळ. हा पठ्ठ्या बंडात शिरला, बंडाचा पुढारी झाला आणि एप्रिल १६४४ मध्ये थेट राजधानी पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) घुसला, सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. तेव्हा जिथे भिंत समुद्राला टेकते त्या शानहायक्वान खिंडीवर वू सानक्वे नावाचा मिंग सेनापती फौज घेऊन बसलेला. एका बाजूला ली, दुसऱ्या बाजूला मांचू. त्याने मांचूंशी हात मिळवला आणि दरवाजा उघडला. संपलं. भिंतीला ओरखडासुद्धा पडला नाही.

आणि आल्यावर मांचूंनी काय केलं तर १६४५ मध्ये फर्मान काढलं की प्रत्येक पुरुषाने पुढचं डोकं भादरायचं आणि मागे वेणी ठेवायची, नाहीतर मुंडकं जाईल. यांगत्से नदीच्या दक्षिणेला ज्या गावांनी नकार दिला तिथे कत्तली झाल्या. सिनेमात बघून आपण ज्याला "चायनीज वेणी" म्हणतो ती म्हणजे हरलेल्यांवर लादलेली खूण, एवढं तरी माहीत असावं.

"राजा बोलला की प्रजा ऐकायची." आता पहिल्याच, म्हणजे छिन सम्राटाचं बघा. कायदे कडक, शिक्षा भयंकर, तो मेला इ.स.पू. २१० मध्ये. पुढच्याच वर्षी वेठबिगारीवर सीमेकडे निघालेली एक तुकडी पावसात अडकली, वेळेत पोचणं अशक्य, आणि जुन्या इतिहासात लिहिलंय त्याप्रमाणे उशीर झाला तर शिक्षा मृत्यूची. त्यांच्यातल्या चंन शंग आणि वू क्वांग या दोघांनी विचार केला, तसंही मरायचंय आणि असंही, मग बंड करूनच मरू की. ते दोघे मेले, पण आग पसरली आणि तीनेक वर्षांत छिन घराणं खलास. नंतर हान घराणं स्थापन केलं ते ल्यू बांगने, जो मुळात गावपातळीचा किरकोळ अंमलदार होता.

सम्राटाचं घरात तरी चालायचं का? मिंगांचा वानली सम्राट घ्या. त्याला लाडक्या राणीचा मुलगा वारस करायचा होता, अधिकारी म्हणाले नाही, थोरला तोच वारस. १५८६ च्या सुमारास सुरू झालेलं हे भांडण पंधरा वर्षं चाललं, अर्जांवर अर्ज, लोक फटके खायला तयार, पदं सोडायला तयार पण हटायला तयार नाहीत, शेवटी १६०१ मध्ये सम्राटालाच थोरल्याला युवराज करावं लागलं. मग हा रुसला. दरबारात येईना, रिकाम्या जागा भरेना, कागद वाचेना. सर्वशक्तिमान म्हणे!

खाली तर आणखी गंमत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चीनची लोकसंख्या ४० कोटींच्या वर आणि तालुक्यासारखे विभाग साधारण तेराशे, प्रत्येकावर पेकिंगहून नेमलेला एक अधिकारी, म्हणजे सरासरी तीन लाख माणसांमागे एक. तोही नियमाने परप्रांतातला, कित्येकदा तिथली बोली न कळणारा. कारभार चालायचा स्थानिक बड्या घरांच्या आणि जुन्या कारकुनांच्या जिवावर. आणि "निमूट प्रजा"? सरकारी परीक्षेत वारंवार नापास झालेल्या होंग श्यूछ्वानने स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवून उभं केलेलं थायफिंग बंड १८५१ ते १८६४ चाललं, त्यात दोन कोटी तरी माणसं गेली असं मानतात.

आता १९७८, ज्याच्यासाठी हा सगळा फॉरवर्ड लिहिलाय. त्याआधी एका माणसाचा, म्हणजे माओचा, हुकूम खरोखर गावागावात पोचला होता, १९५८ मध्ये. खाजगी शेती आधीच गेलेली, आता कम्यून (गावोगावच्या सामुदायिक शेतीच्या वसाहती) आले, घरची चूल बंद आणि सामुदायिक खानावळी सुरू, परसात भट्ट्या लावून पोलाद, आणि वरच्याला खूश करायला खालच्याने पिकाचे आकडे फुगवायचे, मग सरकार त्या फुगवलेल्या आकड्यावर धान्य उचलून न्यायचं. १९५९ मध्ये लूशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पंग दहुआयने माओला पत्र लिहून चुका दाखवल्या तर त्याचंच पद गेलं. यातून जो दुष्काळ पडला त्यात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत. आज्ञाधारकपणाचा हिशोब मांडायचाच असेल तर हा आकडा पण मांडा की.

सर्वात जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी एक म्हणजे आन्हुई प्रांतातला फंगयांग. मिंग घराण्याचा संस्थापक इथलाच, दुष्काळात घरचे मेले आणि पोटासाठी भीक मागत हिंडलेला, आणि सहाशे वर्षांनी तिथली माणसं परत भीक मागायला बाहेर पडत होती. याच फंगयांगच्या शियाओगांग गावात १९७८ च्या हिवाळ्यात अठरा घरांनी गुपचूप एक कागद केला: कम्यूनची जमीन घराघरात वाटून घ्यायची, सरकारचा हिस्सा पूर्ण द्यायचा, उरलेलं आपलं, आणि यात कोणी तुरुंगात गेला किंवा जिवानिशी गेला तर बाकीच्यांनी त्याची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. खाली अंगठे. पुढच्या वर्षी पीक कित्येक पटीने आलं. प्रांताचा पक्षप्रमुख वान ली याने त्यांना धरलं नाही, उलट चालू द्या म्हणाला.

आणि ती फॉरवर्डवाली सही? डिसेंबर १९७८ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या ज्या बैठकीचा एवढा गवगवा होतो, तिथल्या शेतीच्या मसुद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की घरागणिक जमीन वाटायला परवानगी नाही. फॉरवर्डमधला तो नेता म्हणजे डेंग शाओपिंग, त्याने फंगयांगच्या प्रयोगाला उघड पाठिंबा दिला तो मे १९८० मध्ये, आणि पक्षाच्या कागदावर त्याला रीतसर मान्यता मिळाली १९८२ मध्ये, तोपर्यंत देशातल्या कितीतरी गावांनी हुकमाची वाट न बघता जमिनी वाटून घेतल्या होत्या.